ट्रॅव्हल ट्रेलरसाठी एलईडी बल्ब: पारख आणि खरेदी

ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, छतातले दिवे बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि जुन्या ट्रेलरमध्ये त्या दिव्यांत मुळात मोटारगाड्यांसाठी घडवलेले फिलामेंटचे बल्बच बसवलेले असतात. असा एक ९२१ क्रमांकाचा बल्ब सुमारे १.४ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. संध्याकाळी सहा बल्ब चार तास चालू ठेवले, तर बॅटरीतून जवळजवळ ३४ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास) खर्च होतात. ८० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढू नये असा दंडक आहे, म्हणजे केवळ उजेडासाठी एका संध्याकाळी वापरण्याजोगी बहुतेक सगळी वीज संपली. पाण्याचा पंप, हीटरचा पंखा आणि सकाळची कामे यांच्यासाठी फारसे काही उरत नाही. तितकाच उजेड देणारा एलईडी बल्ब साधारण ०.२ अँपिअरवर भागवतो आणि त्याच सहा दिव्यांचा चार तासांचा खर्च पाच अँपिअर-तासांच्या आत येतो. वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी मुक्काम करणाऱ्यांसाठी यापेक्षा कमी श्रमाची सुधारणा मला तरी ठाऊक नाही.

मात्र हा लाभ पदरात पडायचा असेल, तर बल्ब घरच्या बल्बासारखा केवळ वॅट पाहून घेऊन चालत नाही. ट्रेलरमध्ये बल्ब निकामी होण्याची, लुकलुकण्याची किंवा नकोसा पांढरा उजेड देण्याची कारणे वेगळी असतात आणि ती जवळजवळ सगळी खरेदीपूर्वी टाळता येतात.

आधी जुना बल्ब हातात घ्या

दिवा बंद करून, बल्ब थंड होऊ देऊन, झाकण काढून जुना बल्ब बाहेर काढावा. हॅलोजनचा बल्ब विझल्यानंतरही बराच वेळ चटका देतो, म्हणून घाई करू नये. बल्बच्या काचेवर किंवा धातूच्या तळावर क्रमांक छापलेला असतो. तो टिपून घ्यावा आणि तळाचा आकारही नीट पाहावा, कारण मधल्या काळात कोणीतरी भलताच बल्ब बसवलेला असण्याची शक्यता असते.

धातूचा गोल तळ आणि बाजूला दोन खुंट्या असतील, तर तो दाबून फिरवायचा बेयोनेट प्रकार होय. ११४१ आणि ११५६ हे बल्ब याच गटातले आहेत. त्यांच्या तळाचा व्यास १५ मिलिमीटर असतो, दोन्ही खुंट्या एकाच उंचीवर असतात आणि तळाशी एकच संपर्कबिंदू असतो; या तळाला बीए१५एस म्हणतात. खुंट्या समान उंचीवर, पण तळाशी संपर्कबिंदू दोन असतील, तर तो बीए१५डी. खुंट्या वरखाली आणि संपर्कबिंदू दोन असतील, तर तो बीएवाय१५डी, म्हणजे ११५७ बल्बचा तळ, जो दुहेरी तेजाच्या मागील दिव्यांत वापरला जातो. हे तिन्ही तळ लांबून सारखेच दिसतात, परंतु एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

काचेचाच चपटा तळ आणि त्यावर दुमडलेल्या बारीक तारा असतील, तर तो सरळ आत ढकलायचा वेज प्रकार. ९२१ आणि १९४ हे दोन्ही त्यात मोडतात आणि दोघांच्या तळाचे माप एकच असल्याने दोन्ही एकाच होल्डरात बसू शकतात, पण उजेडात मोठा फरक असतो. येथे नावांचा एक गोंधळ ध्यानात ठेवावा. अमेरिकी पद्धतीत ‘टी’ या अक्षरापुढचा आकडा इंचाच्या आठव्या भागात व्यास सांगतो, म्हणून ९२१ बल्ब टी५ ठरतो, म्हणजे पाच अष्टमांश इंच किंवा सुमारे १६ मिलिमीटर. मोटारीच्या बल्बांच्या बाजारात मात्र तोच आकडा मिलिमीटरमध्ये वाचतात आणि त्याच बल्बाला टी१५ किंवा टी१६ म्हणतात. परिणामी ‘टी५’ या नावाने मागवलेला बल्ब डॅशबोर्डातला इवलासा पाच मिलिमीटरचा निघू शकतो. म्हणून नुसत्या ‘टी’च्या आकड्यावर कधीही विसंबू नये, बल्बचा क्रमांक आणि प्रत्यक्ष माप दोन्ही जुळवून पाहावीत.

दोन बारीक पिना असलेले हॅलोजन बल्ब बहुधा जी४ असतात. त्यांच्या पिनांतले अंतर ४ मिलिमीटर असते, ते ६.३५ मिलिमीटर भरले, तर तो जीवाय६.३५ हा वेगळा प्रकार होय. जी४च्या एलईडी चकत्यांमध्ये पिना मागून निघणाऱ्या आणि कडेतून निघणाऱ्या अशा दोन रचना मिळतात. चपट्या दिव्यात होल्डर आडवा असेल, तर कडेच्या पिनांचीच चकती हवी, नाहीतर ती दिव्यात उभी राहून झाकणाला अडते. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला लांबट बल्ब म्हणजे फेस्टून. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावा. ३१, ३६, ३९, ४२ अशी मिलिमीटरमधली मापे सर्रास मिळतात आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरक होल्डरची पट्टी हलकेच वाकवून सामावून घेता येतो, त्याहून जास्त नाही.

बल्ब काढलेलाच आहे, तर झाकण आणि होल्डर यांच्यामधल्या पोकळीची लांबी, रुंदी आणि खोलीही लगेच मोजून ठेवावी. एलईडी बल्ब पुष्कळदा मूळ बल्बपेक्षा लांब किंवा जाड असतात आणि झाकण न लागणे ही परत पाठवण्याची फार नेहमीची तक्रार आहे. ट्रेलरमधील एखादा दिवा थेट घरगुती दाबाच्या विजेवर चालणारा असू शकतो. त्याच्या बल्बवरचा व्होल्टचा आकडा वाचल्याशिवाय तो १२ व्होल्टचाच आहे असे गृहीत धरू नये.

व्होल्टेज: सगळ्यांत महत्त्वाची कसोटी

‘१२ व्होल्ट’ हे केवळ नाव आहे. पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, रात्रभराच्या वापराने ती १२च्या आसपास उतरते, पंप सुरू होताच क्षणभर आणखी खाली जाते, आणि चार्जर किंवा सौर नियंत्रक जोडलेला असताना दिव्यांपर्यंत १३.६ ते १४.४ व्होल्ट पोहोचतात. काही चार्जर बॅटरीच्या घटांची पातळी सारखी करण्यासाठी अधूनमधून १५ व्होल्टच्या पुढेही जातात. फिलामेंटच्या बल्बाला हा चढउतार सोसतो. एलईडीचे तसे नसते.

स्वस्त बल्बची रचना पाहिली की हे लगेच उमगते. पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात, म्हणून अशा तीन एलईडी एका माळेत जोडून ९ व्होल्ट वापरले जातात आणि उरलेले व्होल्ट एका रोधकावर (रेझिस्टरवर) सोडले जातात. पुरवठा १२ व्होल्ट असताना रोधकावर ३ व्होल्ट पडतात. पुरवठा १४.४ झाला की एलईडीवरचे व्होल्ट फारसे वाढत नाहीत. जवळजवळ सगळी वाढ रोधकावर येते आणि तेथे ५.४ व्होल्टांच्या आसपास भरतात. रोधकातून जाणारा प्रवाह त्यावरच्या व्होल्टच्या प्रमाणात वाढत असल्याने तो पावणेदोन पटींच्या घरात जातो आणि रोधकातली उष्णता सुमारे तिप्पट होते. व्होल्टमध्ये वाढ झाली अवघी २० टक्क्यांची, पण बल्बच्या पोटात उष्णतेचा वेगळाच हिशेब झाला. वीजजोडणी असलेल्या मुक्कामाच्या जागी आठवडाभर उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये असे बल्ब आधी डोळ्यांत भरतील इतके प्रखर दिसतात, मग त्यांतली एकेक माळ विझू लागते.

यावरचा उपाय म्हणजे आतच विद्युतप्रवाह स्थिर राखणारे परिपथ (सर्किट) असलेला बल्ब. त्याच्या वेष्टनावर ‘१२ व्होल्ट’ असा एकच आकडा नसून १० ते ३० व्होल्ट किंवा ९ ते १६ व्होल्ट असा पल्ला दिलेला असतो आणि ‘स्थिर प्रवाह’ किंवा ‘कॉन्स्टंट करंट’ असा उल्लेख असतो. वरची मर्यादा निदान १६ व्होल्ट असावी असा माझा आग्रह आहे. दावा खरा आहे की नाही हे घरी सहज पडताळता येते. बॅटरीवर असताना आणि चार्जर चालू असताना अशा दोन्ही वेळी बल्बचा प्रवाह मल्टिमीटरने मोजावा. आत प्रवाह नियंत्रण खरोखर असेल, तर व्होल्टेज वाढल्यावर प्रवाह तेवढाच राहतो किंवा किंचित कमी होतो. तो स्पष्टपणे वाढला, तर आत नुसता रोधक आहे असे समजावे.

घरातल्या सजावटीच्या किंवा बागेतल्या दिव्यांसाठी विकले जाणारे १२ व्होल्टचे जी४ आणि एमआर१६ (वाटीसारख्या परावर्तकाचे) बल्ब येथे फसवे ठरतात. त्यांना ट्रान्सफॉर्मरमधून नेमका पुरवठा मिळेल असे गृहीत धरलेले असते, आणि काही तर केवळ एसी पुरवठ्यासाठीच बनवलेले असतात. ट्रेलरसाठी डीसीवर चालणारा आणि पल्ला छापलेला बल्बच घ्यावा.

ट्रेलर जुना असेल, तर आणखी एक तपासणी करावी. काही जुने कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारी यंत्रे, स्वच्छ डीसी देत नाहीत. त्यांच्या पुरवठ्यात बारीक लाटा असतात, ज्या बॅटरी जोडलेली असताना बऱ्याच सपाट होतात. बॅटरी काढून किंवा मुख्य स्विचने तोडून ट्रेलर नुसत्या बाहेरच्या विजेवर चालवला, तर एलईडी लुकलुकतात. दोष बल्बचा नसून कन्व्हर्टरचा असल्याने बल्ब बदलत बसण्यापूर्वी बॅटरीची जोडणी पाहावी.

किती उजेड, कोणत्या रंगाचा

उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात आणि तुलनेसाठी तोच आकडा धरावा. १९४चा जुना बल्ब सुमारे २५ ल्यूमेन देतो, ९२१ आणि ११४१ सुमारे २६०, तर ११५६ सुमारे ४००. हॅलोजनमध्ये १० वॅटचा बल्ब १३०च्या आसपास आणि २० वॅटचा ३००च्या आसपास असतो. म्हणून छतातल्या ९२१च्या जागी २०० ते ३०० ल्यूमेनचा एलईडी पुरेसा आहे. यापेक्षा पुष्कळ जास्त घेण्याचा मोह आवरावा. ट्रेलरचे छत डोक्यापासून हातभर अंतरावर असते आणि ५०० ल्यूमेनचा उघडा ठिपका तेथे डोळ्यांना बोचतो.

वेष्टनावरचे दावे तपासण्याची एक सोपी रीत आहे. ल्यूमेनच्या आकड्याला बल्ब प्रत्यक्ष घेत असलेल्या वॅटने भागावे. अशा छोट्या बल्बांमध्ये एका वॅटला ८० ते १२० ल्यूमेन मिळणे रास्त आहे. दोन वॅटचा बल्ब ६०० ल्यूमेन देतो असे कोणी म्हणत असेल, तर तो आकडा विश्वासार्ह नाही. त्याचप्रमाणे बल्बवर किती चिप (उजेड देणारे ठिपके) आहेत यालाही फार महत्त्व देऊ नये. ५०५० किंवा २८३५ ही चिपची नावे म्हणजे केवळ त्यांची मापे आहेत: ५ बाय ५ मिलिमीटर आणि २.८ बाय ३.५ मिलिमीटर. त्यांवरून उजेड किंवा टिकाऊपणा ठरत नाही.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात. जुन्या बल्बाचा पिवळसर उबदार उजेड सुमारे २७०० ते २८०० केल्विनचा असतो, त्यामुळे बसण्या-झोपण्याच्या जागेसाठी २७०० ते ३००० केल्विनचा बल्ब घ्यावा. ओट्यावर आणि वाचनाच्या दिव्यात ४००० केल्विन चालतो. ६००० केल्विनच्या पुढचा निळसर पांढरा उजेड लाकडी रंगाच्या भिंतींवर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर उदास दिसतो. तो सामानाच्या कप्प्यापुरता ठेवावा. एका खोलीतले सगळे बल्ब एकाच रंगाचे आणि शक्यतो एकाच वेळी खरेदी केलेले असावेत, कारण ‘वॉर्म व्हाइट’ या नावाखाली दोन उत्पादक वेगवेगळ्या छटा विकतात आणि त्या शेजारी शेजारी लावल्या की खटकतात.

केल्विनइतकाच महत्त्वाचा, पण क्वचित विचारला जाणारा आकडा म्हणजे रंगांची सत्यता सांगणारा सीआरआय. फिलामेंटच्या बल्बाचा सीआरआय जवळजवळ १०० असतो. एलईडीचा किमान ८० असावा आणि ९० मिळत असेल तर थोडे अधिक मोजावेत. कमी सीआरआयच्या उजेडात लाल रंग मेलेला दिसतो, भाजी शिळी वाटते, आणि नेमके काय बिघडले आहे ते कळत नाही.

दिशा, उष्णता आणि आवाज

फिलामेंटचा बल्ब चहूकडे उजेड फेकतो, एलईडीची चिप मात्र समोरच फेकते. दिव्याच्या मागे चमकता परावर्तक असेल आणि बल्ब आडवा बसत असेल, तर सर्व बाजूंनी चिप असलेला मनोऱ्यासारखा बल्ब योग्य. चपट्या छतदिव्यात मात्र मनोऱ्याचा निम्मा उजेड छताकडे वाया जातो. तेथे चपटी एलईडी पाटी लावावी. या पाट्यांसोबत वेज, बेयोनेट आणि फेस्टून तळांचे तारेचे जोड येतात, त्यामुळे होल्डर तसाच ठेवून पाटी दिव्याच्या पत्र्यावर चिकटवता येते. पत्र्यावर चिकटल्याने तिची उष्णताही निघून जाते, आणि हा फायदा लहान नाही.

एलईडी थंड असते हा समज अर्धवट आहे. तिच्या उजेडातून उष्णता फारशी येत नाही, पण चिपच्या पाठीमागे ती साचते आणि तेथून बाहेर काढावी लागते. वेष्टनावर छापलेले २५,००० किंवा ५०,००० तासांचे आयुष्य चिप पुरेशी थंड राहिली तरच मिळते. बंद झाकणाच्या छोट्या दिव्यात म्हणूनच तीन वॅटच्या आतला बल्ब बरा. शेगडीवरच्या धुराड्यातल्या दिव्यात वाफ, तेलकटपणा आणि खालून येणारी ऊब असते, तेथे बल्ब लवकर गेला तर नवल मानू नये. दुसरीकडे, जुन्या बल्बांमुळे प्लास्टिकच्या झाकणांवर पडणारे तपकिरी डाग नव्या बल्बांमुळे पडायचे थांबतात.

प्रवाह स्थिर राखणारे परिपथ वेगाने चालू-बंद होत काम करते आणि त्याचे छानन (फिल्टरिंग) नीट केलेले नसेल, तर रेडिओवर खरखर येते, कधी टीव्हीचे दूरचे चॅनेल नाहीसे होते. ट्रेलरमध्ये अँटेना, तारा आणि दिवे एकमेकांना चिकटून असल्याने ही अडचण घरापेक्षा अधिक जाणवते. खरेदीपूर्वी हे कळण्याचा मार्ग नाही. एक बल्ब लावून, रेडिओवर एखादे क्षीण केंद्र लावून ऐकावे. दिव्याच्या तारेवर फेराइटची कडी बसवल्याने खरखर पुष्कळदा कमी होते, पण बल्ब बदलणे अधिक सरळ. दिव्यांना डिमर असेल, तर बल्बवर ‘डिमेबल’ लिहिलेले असावे, आणि तरीही एकच लावून पाहावा.

बाहेरचे आणि रस्त्यावरचे दिवे

दारावरच्या दिव्यात पिवळसर अंबर रंगाचा एलईडी बसवावा. निळा आणि अतिनील प्रकाश कीटकांना अधिक खेचतो, अंबर रंगात तो जवळजवळ नसतो.

मागचे लाल दिवे, ब्रेकचे दिवे आणि वळणाचे इशारे यांच्या बाबतीत मात्र मी सावधगिरीचाच सल्ला देईन. या दिव्यांचे भिंग आणि परावर्तक एका विशिष्ट जागी असलेल्या फिलामेंटसाठी आखलेले असतात. तेथे एलईडी बल्ब घातला की उजेडाची दिशा बदलते आणि मागच्या चालकाला दिवा एका कोनातून प्रखर, तर दुसऱ्या कोनातून मंद दिसू शकतो. अनेक देशांत अशी अदलाबदल नियमबाह्यही आहे. एलईडी हवीच असेल, तर पूर्ण दिवाच बदलावा, म्हणजे एलईडीसाठीच घडवलेला सीलबंद दिवा घ्यावा आणि त्यावर मान्यतेची खूण पाहावी: युरोपीय पद्धतीत वर्तुळातले ‘ई’ हे अक्षर व त्यापुढचा क्रमांक, अमेरिकी पद्धतीत एसएई आणि डीओटी ही अक्षरे. वळणाचे इशारे दुप्पट वेगाने लुकलुकू लागले, तर ओढणारी गाडी कमी प्रवाह पाहून बल्ब गेला असे समजत आहे. त्यासाठी विकले जाणारे भाररोधक (जादा प्रवाह ओढणारे रोधक) फार तापतात. ते प्लास्टिक किंवा तारांजवळ न लावता धातूच्या पत्र्यावरच बसवावेत.

खरेदी आणि बसवणी

एका प्रकारचा एकच बल्ब आधी विकत घ्यावा. सोळा बल्बांचा संच स्वस्त पडत असला, तरी लांबी, छटा, खरखर आणि तापणे या चार गोष्टी प्रत्यक्ष बसवल्यावरच कळतात. तो बल्ब आठवडाभर वापरावा, त्यात एखादी रात्र चार्जर चालू ठेवूनही घालवावी, आणि मगच उरलेले मागवावेत, सोबत एक-दोन जादा. व्होल्टचा पल्ला, अँपिअर किंवा वॅट, ल्यूमेन, केल्विन आणि मिलिमीटरमधले माप हे पाच आकडे जो विक्रेता लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. ‘२० वॅटच्या बरोबरीचा’ असे शब्द या आकड्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

सगळे बल्ब एकदम बदलण्याची गरज नाही. जे दिवे रोज तासन्‌तास चालतात ते आधी घ्यावेत. कपाटातला दोन मिनिटांचा दिवा जुन्या बल्बावर खुशाल चालू द्यावा.

बसवताना बल्ब पेटला नाही, तर तो लगेच बाद ठरवू नये. एलईडी एकाच दिशेने वीज घेते. ज्या बल्बात दोन्ही दिशा चालतील अशी सोय नसते, तो वेज किंवा जी४ प्रकारचा असेल तर उलटा करून घालावा. बेयोनेट बल्ब उलटा करता येत नाही आणि ट्रेलरमध्ये एखाद्या दिव्याच्या तारा उलट जोडलेल्या सापडतात; अशा ठिकाणी दिशेचे बंधन नसलेला बल्ब घेणे किंवा दोन तारांची अदलाबदल करणे हे दोनच मार्ग आहेत. तारांना हात लावण्यापूर्वी बाहेरची वीज तोडावी आणि त्या मार्गाचा फ्यूज काढावा. ट्यूबलाइट बदलून एलईडी पट्टी लावायची असेल, तर आतला बॅलास्ट (ट्यूब पेटवणारे परिपथ) पूर्णपणे वगळून १२ व्होल्ट थेट पट्टीला द्यावे लागतात. बॅलास्टमधून निघणारे उच्च व्होल्टेज पट्टीला क्षणात जाळते.

होल्डरचे संपर्क हिरवट किंवा काळपट झाले असतील, तर बारीक पॉलिश पेपरने हलके घासावेत. फिलामेंटच्या बल्बाचा मोठा प्रवाह गंजाच्या पातळ थरातूनही वाट काढतो, एलईडीचा छोटा प्रवाह तेथे अडखळतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर दिवा मिचमिचतो. वेज बल्बच्या तारा सैल वाटल्या, तर त्या किंचित बाहेर वाकवून पुन्हा घालाव्यात. काम संपल्यावर कोणत्या दिव्यात कोणत्या क्रमांकाचा, किती लांबीचा आणि किती केल्विनचा बल्ब बसवला, ते एका कागदावर लिहून फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावे, आणि काढलेले चांगले बल्ब त्याच कप्प्यात कापडात गुंडाळून ठेवावेत.